उजेडात तिरपं धरलं तर

शुवेखच्या गोदामात माझं काम सोपं होतं.
पेटी फोडायची, मासिक उघडायचं,
उघडा खांदा दिसला की काळं करायचं,
बाटली दिसली की काळं करायचं,
नकाशात आखाताचं नाव चुकलं असेल
तर आखात काळं करायचं.
जाड टोकाचे मार्कर, दिवसाला सहा.
रिकामे परत केल्याशिवाय नवे मिळत नसत.
रात्री जेवताना वरणाला स्पिरिटचा वास यायचा.

वाईट वाटायचं का, विचारतात लोक.
खरं सांगतो, नाही.
पहिल्या आठवड्यात त्या बायांची मनात माफी मागायचो,
दुसऱ्या आठवड्यात त्यांना बाह्या शिवू लागलो,
काठ सरळ, कोपर झाकलेलं.
थंकच्चन म्हणायचा, तू शिंपीच व्हायचास.
तो मल्याळी कागद बघायचा, मी हिंदी,
आणि वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात,
मंडळाच्या दिवाळी अंकाच्या चाळीस प्रती.

त्या इमारतीत मराठी मला एकट्यालाच येत होतं.
बू नासर चहाचा छोटा ग्लास घेऊन यायचा,
अंक उलटा धरून चाळायचा, विचारायचा,
'यात काही आहे?'
मी म्हणायचो, 'काही नाही.'
तो सही करायचा.
माझ्या 'काही नाही'वर एका देशाचा शिक्का!
त्या संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत मी ताठ चालत जायचो.

त्या वर्षी, पान सत्त्याहत्तर.
यशोदा तोडणकर, मु. पो. जैतापूर.
आमच्याच वाडीतली, बालवाडीत शिकवणारी.
राजा नाही, धर्म नाही, उघडं अंग नाही.
दीड पानाचा लेख, आणि त्यात हे :
'आमच्याकडे नवरा भिंतीवर असतो.
फोटोला हार नाही, एवढंच.'

मी आजूबाजूला पाहिलं.
थंकच्चन डबा उघडत होता.
कुठल्याच नियमात बसत नव्हती ती ओळ.
टोपण काढलं.
चाळीस प्रती, चाळीस वेळा,
हात जराही हलला नाही.
शाई पलीकडे उतरली
आणि मागच्या पानावर अनारशांच्या कृतीतलं
गुळाचं प्रमाण गेलं.
'काही होतं?' बू नासरनं विचारलं.
'होतं थोडं,' म्हटलं. 'काढलं.'
त्यानं पाठीवर थाप मारली.

सालमियाच्या हॉलमध्ये अंक वाटले.
छापलेल्या अक्षरावर मार्कर बसतो, मुरत नाही,
हे मला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नव्हतं.
माणसं सगळा अंक सोडून
नेमकं सत्त्याहत्तर उघडून
ट्यूबलाइटखाली तिरपं धरून उभी.
मेस चालवणाऱ्या दळवीकाकांनी चष्मा पुसला
आणि मोठ्यानं वाचलं.
कोणी हसलं नाही.
मागून कोणीतरी म्हणालं,
हरामखोरांना मराठीही येतं वाटतं.
मी समोसे पुरतायत का ते बघायला आत गेलो.

रात्री कार्ड घालून घरी फोन लावला.
बायकोनं विचारलं, अंक मिळाला? यशोदाचं वाचलंत?
म्हटलं, ते पान काळं करून आलं गं,
इथले कायदे फार कडक.
ती गप्प झाली. मागे समुद्र ऐकू येत होता,
किंवा लाइनची खरखर.
मग म्हणाली, थांबा, मी सांगते.
कागद उलगडल्याचा आवाज काही आला नाही.
'आमच्याकडे नवरा भिंतीवर असतो,' ती म्हणाली,
'फोटोला...'
आणि कार्डातली बाई मध्येच बोलली,
आधी अरबीत, मग इंग्रजीत,
की आपली मिनिटं संपली आहेत.

रिसीव्हरला माझ्या अंगठ्याची शाई लागली होती.
ती मी थुंकी लावून पुसत राहिलो,
बाहेर रांगेतला पोरगा काचेवर
नाणं वाजवायला लागेपर्यंत.